ट्रक गावाबाहेर गेला. धोका कुठे गेला?

देशाच्या नकाशावर वर्धा हा छोटा जिल्हा असला, तरी मोठे रस्ते त्याच्या वाट्याला भरपूर आले आहेत. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे पूर्वीचा सात नंबर, जाम, हिंगणघाट, वडनेरमार्गे दक्षिणेकडे जातो. पूर्वीचा सहा नंबर, आताचा ५३, कारंजा (घाडगे) आणि तळेगावमार्गे अमरावतीकडे जातो. बुटीबोरीहून तुळजापूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग सेलू, वर्धा, देवळी या गावांना जोडतो. या सगळ्यांच्या जोडीला डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग आला. त्याचा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा याच जिल्ह्यातून जातो. पवनारहून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत नियोजित असलेला शक्तिपीठ महामार्ग प्रत्यक्षात आला, तर त्याचे एक टोक वर्धा जिल्ह्यातच असेल.

अमेरिकेत एका महामार्गाला अशा अनेक वाटा फुटल्या की पाटीवर तसे स्पष्ट लिहिण्याची पद्धत आहे. गावाच्या बाजारपेठेतून जाणारी ती ‘बिझनेस’ वाट, गावाला वळसा घालणारी ‘बायपास’, त्याच दिशेने दुसरीकडून जाणारी ‘आल्टरनेट’ आणि जड वाहनांसाठी राखलेली ‘ट्रक’ वाट. महामार्गाचा क्रमांक तोच राहतो, फक्त त्याच्या डोक्यावर लहानशी पट्टी असते. आपल्याकडे अशा पाट्या नाहीत, पण प्रत्यक्षात वाटा तशाच पडल्या आहेत. बाजारातून जाणारा जुना रस्ता, गावाबाहेरून गेलेला वळणरस्ता आणि कुंपणाआडचा द्रुतगती मार्ग या तीन वाटांवर आता वर्ध्याची वाहतूक वाटली गेली आहे.

या वाटणीचा विचार बहुतेक वेळा प्रवासाचा वेळ, जमिनीचा मोबदला आणि ढाब्यांचा धंदा यांच्या अंगाने होतो. आरोग्याच्या अंगाने तो फारसा होत नाही. वास्तविक रस्ता हा सार्वजनिक आरोग्याचाच विषय आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के त्यांच्यावर झाले. एखाद्या साथीने इतके बळी घेतले असते, तर गावोगावी पथके फिरली असती. त्यामुळे ट्रक गावाबाहेर काढल्यावर धोका कमी झाला की नुसता दुसरीकडे गेला, हे तपासणे गरजेचे ठरते.

आधी फायद्याची बाजू

ट्रक दूर गेल्याचा पहिला लाभ फुप्फुसांना होतो. डिझेल इंजिनाच्या धुरातील कण इतके बारीक असतात की नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या खोल भागात उतरतात आणि त्यातले सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. दमा, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही या कणांचा संबंध आहे.

दिलासा इतकाच की हा धूर अंतरासोबत झपाट्याने विरळ होतो. गर्दीच्या रस्त्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात त्याचा परिणाम ठळक जाणवतो; त्यापलीकडे हवा परिसरातील इतर हवेसारखी होऊ लागते. म्हणून शाळेच्या दारातून जाणारा ट्रक दोन किलोमीटरवरून जाऊ लागला, तर मुलांच्या फुप्फुसांना खरोखरच फरक पडतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकामुळे नव्या ट्रकचा धूर बराच कमी झाला आहे. पण जुने ट्रक रस्त्यावर आहेतच, आणि ब्रेक, टायर व रस्त्याच्या घर्षणातून उडणारी धूळ कोणत्याही मानकाने पूर्ण थांबत नाही.

दुसरा लाभ कानांना आणि झोपेला. आपल्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रभर ट्रकचे हॉर्न आणि गिअर बदलण्याचे आवाज चालू असलेल्या रस्त्याकडेच्या घरात ही मर्यादा कागदावरच राहते. झोपलेल्या माणसाला जाग आली नाही, तरी आवाजाने शरीरातील ताणाची संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. वर्षानुवर्षे असे घडत राहिले की हृदयविकाराचा धोका वाढतो. वळणरस्त्याने ही रात्र शांत होते, हे नाकारता येणार नाही.

रस्ता रिकामा झाला, वेग वाढला

आता दुसरी बाजू. बाजारातला जुना रस्ता ट्रकने गच्च भरलेला असतो तेव्हा वाहने रांगत जातात. धूर असतो, वैताग असतो. पण वेग नसतो. ट्रक गेले की तोच रुंद रस्ता मोकळा होतो आणि उरलेल्या गाड्या सुसाट सुटतात. रस्त्याची रुंदी महामार्गाची, पण त्याच्या काठावर भाजीची दुकाने, शाळा आणि एसटीची वाट पाहणारी माणसे, असे हे चित्र असते.

वेगाचे गणित क्रूर असते. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, मोटारीची समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० किलोमीटरच्या तुलनेत ६५ किलोमीटर वेगाला साडेचार पट होतो. चालकाला हा पंधरा किलोमीटरचा फरक जाणवतही नाही. रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंसाठी तो जगण्यामरण्याचा असतो.

यावर उपाय महागडे नाहीत. वळणरस्ता सुरू झाल्याच्या दिवसापासून जुना रस्ता महामार्ग राहिला नाही, असे मानून त्याची पुनर्रचना करायला हवी. गाड्यांची पट्टी अरुंद करून उरलेल्या जागेत पदपथ, मध्ये थांबायला दुभाजक, शाळेपाशी उंच केलेले ओलांडमार्ग आणि नीट रंगवलेले, दुरून दिसणारे गतिरोधक, एवढे पुरते. अडचण अशी की वळणरस्त्याचा खर्च मूळ प्रकल्पात धरलेला असतो, जुन्या रस्त्याच्या पुनर्रचनेचा सहसा धरलेला नसतो. तो रस्ता एका यंत्रणेकडून दुसऱ्या यंत्रणेकडे हस्तांतरित होण्याच्या प्रतीक्षेत राहतो आणि तोवर तिथे जबाबदार कोण, हे कळत नाही.

सरळ रस्ता आणि जड डोळे

वळणरस्त्यापेक्षाही मोठा बदल समृद्धीने आणला. ७०१ किलोमीटरचा हा सहा पदरी मार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटच्या टप्प्यासह ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत पूर्ण झाला. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये चौक नाही, सिग्नल नाही, दुचाकी आणि तीनचाकीला मनाई. वर्धा जिल्ह्यात सेलडोह, येळाकेळी आणि विरूळ या ठिकाणी चढ-उतार. समोरासमोर धडक आणि रस्ता ओलांडणारी माणसे हे जुन्या रस्त्यावरचे दोन मोठे धोके इथे जवळपास संपतात.

मात्र त्यांच्या जागी तिसरा धोका येतो, तो चालकाच्या मेंदूत. एकसारखा सरळ रस्ता, एकसारखा आवाज, नजरेला काही नवे नाही, अशा स्थितीत मेंदूची दक्षता हळूहळू ओसरते. डोळे उघडे असतात, हात चाकावर असतात, पण प्रतिसाद मंदावतो. याला ‘हायवे हिप्नॉसिस’ म्हणतात. नागपूरच्या व्हीएनआयटीतील अभ्यासकांनीही २०२३ मध्ये समृद्धीवरील अपघातांच्या संदर्भात याकडे लक्ष वेधले होते. त्यापुढची पायरी म्हणजे क्षणभराची डुलकी. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. चार सेकंद डोळा लागला, तर सव्वाशेहून अधिक मीटर अंतर कुणाच्याही नियंत्रणाविना कापले जाते.

सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची सावधानता दर १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत दिसले आहे. भारतात वाहन चालवण्यासाठी मद्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबभरही न प्यायलेला, पण पहाटे पाचला उठून रात्री दहाला चाकावर बसलेला चालक या निकषाने मर्यादेबाहेर असतो. मद्यासाठी श्वास तपासणारे यंत्र आहे. थकव्यासाठी तसे यंत्र नाक्यावर नाही. त्यातही मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत शरीराचे घड्याळच झोपेकडे ओढत असते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. मृतांत वर्ध्याचेही अनेक जण होते. एखाद्या अपघाताचे नेमके कारण तपास ठरवतो; पण रात्रीचा लांबचा प्रवास ही धोक्याची वेळ आहे, यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा; तो २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे स्पष्ट म्हटले होते. पण विश्रांती घ्यायची कुठे? समृद्धी खुला झाला तेव्हा चहा-पाणी, स्वच्छतागृह आणि ट्रक उभा करण्याच्या जागा अपुऱ्या होत्या. जागा नसली की थकलेला चालक कडेच्या पट्टीवरच ट्रक लावतो, आणि मागून येणाऱ्यासाठी अंधारात उभा तो ट्रक भिंत ठरतो. २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकमध्ये चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ही चैन नाही. उष्णतेनेही माणसाची प्रतिक्रिया मंदावते. पण गार केबिन झोपेची जागा घेऊ शकत नाही.

पथकर वाचवणारी वाट

वाटा अनेक असल्या की कोणती धरायची, हे ट्रकमालकाचा हिशेब ठरवतो. समृद्धीवर मोटारीसाठी सुरुवातीचा दर किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. अनेक चाकी ट्रकला तो कित्येक पटींनी जास्त. डिझेल आणि वेळ वाचवून तो भरून निघाला तर ट्रक समृद्धीवर जातो, नाहीतर पुलगाव, कारंजा (लाड), मेहकरमार्गे जाणारी जुनी वाट किंवा तळेगाव-अमरावतीची वाट त्याला मोकळी असते. नाका चुकवण्यासाठी गावातला आतला रस्ता धरणे हा प्रकारही महाराष्ट्राला नवा नाही.

इथेच वाटणी उलटी पडते. दुचाकीला द्रुतगती मार्गावर मनाई, म्हणून ती जुन्या रस्त्यावर. ट्रकला द्रुतगती मार्ग महाग, म्हणून तोही जुन्या रस्त्यावर. सर्वांत सुरक्षित रस्त्यावर एअरबॅगवाली मोटार आणि सर्वांत असुरक्षित रस्त्यावर ट्रक, मोटारसायकल आणि कापसाची बंडी एकत्र, असे विचित्र चित्र तयार होते. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे आणि जवळपास वीस टक्के पादचारी होते. म्हणजे दर तिघांपैकी जवळपास दोघे असे, की ज्यांना समृद्धीवर प्रवेशच नाही.

जड ट्रक हलक्या रस्त्यावर आला की रस्ताही आजारी पडतो. रस्त्याची झीज ही ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा रस्ते अभियांत्रिकीतील जुना ठोकताळा आहे. भार २० टक्क्यांनी वाढला की झीज दुप्पट होते. २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. तो भार मजबूत महामार्गाला झेपेल. गावच्या डांबरी रस्त्यावर मात्र दोन पावसाळ्यांत खड्डे पडतात. रात्री खड्डा चुकवायला गेलेली मोटारसायकल अपघाताच्या नोंदीत ‘चालकाची चूक’ म्हणून जाते.

जिथे वाटा पुन्हा भेटतात

वेगळ्या केलेल्या वाटा कुठेतरी पुन्हा एकत्र येतातच. जाम हे त्याचे ठळक उदाहरण. नागपूरहून आलेला महामार्ग इथून हिंगणघाटकडे जातो आणि चंद्रपूर-वरोऱ्याची वाट इथूनच फुटते. लांबचे ट्रक, एसटी, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि शाळेची मुले एकाच ठिकाणी येतात. बायपासची दोन टोके आणि समृद्धीचे चढ-उतारही याच जातीचे. तासभर १२० च्या वेगाने आलेल्या चालकाला बाहेर पडल्यावर ६० चा वेगसुद्धा रांगल्यासारखा वाटतो. त्याच्या डोळ्यांनी आणि मेंदूने त्या वेगाशी जुळवून घेतलेले असते. लगेच समोर आलेल्या दुचाकीचा अंदाज चुकतो.

सरकारी व्याख्येनुसार महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजेचे पाच अपघात झाले, किंवा एकूण दहा मृत्यू झाले, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. या व्याख्येत एक क्रूरता दडलेली आहे: जागा धोकादायक आहे हे सिद्ध होण्यासाठी आधी माणसे जावी लागतात. विमान वाहतुकीत थोडक्यात हुकलेल्या अपघातांचीही नोंद होते आणि त्यातून सुधारणा होतात. नव्या चौकात वारंवार कचकन ब्रेक लागत असतील, दुभाजकाला घासल्याच्या खुणा वाढत असतील, तर तोच पहिला इशारा मानायला काय हरकत आहे?

पूल आणि त्यांचे कठडे हाही असाच दुवा. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळीहून वर्ध्याकडे येणारी मोटार सेलसुराजवळ पुलावरून खाली कोसळली आणि सात तरुण वैद्यकीय विद्यार्थी गेले. माणसाकडून चूक होणार, जनावर आडवे येणार, झोप लागणार, हे गृहीत धरूनच रस्ता बांधायचा, असे आजचे रस्ता-सुरक्षेचे शास्त्र सांगते. चूक झाली तरी जीव जाऊ नये, एवढे काम कठड्याने, अडथळा-पट्टीने आणि प्रकाशाने करायचे असते.

अपघातानंतरचा तास

वर्ध्याचे एक भाग्य असे की सेवाग्रामचे, १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही दोन मोठी रुग्णालये शहरालगत आहेत. पण कारंजा, आष्टी किंवा वडनेरच्या पुढे अपघात झाला, तर तेच अंतर लांब होते. कुंपणाच्या आतल्या मार्गावर तर जवळच्या गावातला माणूस मदतीला धावूनही आत शिरू शकत नाही आणि रुग्णवाहिकेला पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन वळावे लागते. रक्तस्राव थांबवणे आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणे या दोन गोष्टी पहिल्या काही मिनिटांतच हव्या असतात.

२०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. मदत करणाऱ्याला पोलीस वा न्यायालयाचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण आले. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्रीय योजना लागू आहे. ढाबेवाले, पंपावरचे कर्मचारी, ट्रकचालक आणि रस्त्याकडेच्या गावांतील तरुणांना याची माहिती आणि प्रथमोपचाराचे दोन दिवसांचे शिक्षण मिळाले, तर मदत लवकर पोहोचेल. गावाबाहेर गेलेल्या रस्त्यावर पहिला डॉक्टर बहुधा तेच असतात.

पुढच्या रस्त्याआधी

सिंदी (रेल्वे) येथे ड्रायपोर्ट उभे राहत आहे. ते पूर्ण क्षमतेने चालू लागले, की मालाच्या पेट्या वाहणारे लांब ट्रक सेलू तालुक्यात वाढणार. शक्तिपीठ मार्ग झाला, तर पवनारजवळ आणखी एक मोठा सांधा तयार होईल. म्हणजे वाटणीचा हा प्रश्न जुना होणार नाही, वाढतच जाणार आहे.

ट्रक गावाबाहेर काढण्याची मागणी योग्यच होती आणि तिचा लाभही खरा आहे. पण नवा रस्ता खुला झाला की काम संपले, ही समजूत घातक आहे. प्रत्येक नव्या मार्गासोबत चार गोष्टी कागदावर आणि अंदाजपत्रकात असायला हव्यात: जुन्या रस्त्याचा वेग कोण आणि कसा कमी करणार, ट्रकचालक झोपणार कुठे, पथकर चुकवणारा जड ट्रक कोणत्या गावातून जाईल आणि त्याला कोण अडवणार, जखमीला रुग्णालयात न्यायला किती मिनिटे लागतील. ही उत्तरे उद्घाटनाच्या दिवशी तयार नसतील, तर ती पुढे तीन वर्षांत ब्लॅक स्पॉटच्या यादीतून मिळतात, आणि तेव्हा त्यांची किंमत माणसांत मोजावी लागते.